वाईनची चव आणि आरोग्याचा दावा

जानेवारी ते मार्च हा द्राक्षांचा हंगाम. या दिवसांत नाशिक आणि दिंडोरीच्या वायनरींकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. शिराझ किंवा कॅबर्ने सॉविन्यॉनसारख्या गडद, दमदार रेड वाईनचे नमुने मांडले जातात आणि कशाबरोबर काय खावे हे समजावले जाते. त्याच टेबलावर आणखी एक वाक्य हमखास कानी पडते : ‘रेड वाईन हृदयाला चांगली.’ चवीबद्दल जे सांगितले जाते त्याला बऱ्यापैकी शास्त्रीय आधार आहे. हृदयाबद्दलच्या वाक्याला तो उरलेला नाही.

आधी चव. रेड वाईन करताना द्राक्षांचा रस साली आणि बियांसकट आंबवतात. रंगाबरोबर त्यातून टॅनिन नावाची द्रव्ये उतरतात. ओकच्या पिंपात मुरवल्यास त्यात भर पडते. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड आवळल्यासारखे होते. कच्चे केळे किंवा जास्त उकळलेला कोरा चहा यांचा तुरटपणाही असाच. म्हणून अशा वाईनसोबत चीज, भाजलेले मटण असे प्रथिने व स्निग्धता असलेले पदार्थ सुचवतात. टॅनिनचा काही भाग त्यांच्याशी बांधला जातो आणि तुरटपणा निवळतो. मिठामुळे कडवटपणा कमी जाणवतो.

तांबड्या रश्श्याशी मात्र या वाईनचे जमत नाही, त्याचेही कारण आहे. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील ज्या ‘उष्णता’ ओळखणाऱ्या संवेदकांना चेतवते, त्यांनाच अल्कोहोल अधिक संवेदनशील करते. त्यामुळे झणझणीत जेवणाबरोबर १४ टक्के अल्कोहोलची वाईन आग वाढवते. ‘रूम टेम्परेचर’ला प्यावी हा सल्लाही थंड युरोपातील खोल्यांचा; म्हणजे साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या ३० अंशांत अल्कोहोलचा भपकाच आधी नाकात जातो.

इथपर्यंतचे विज्ञान तोंडातले आहे. घोट घशाखाली उतरला की शरीर द्राक्षाची जात विचारत नाही. यकृत अल्कोहोलचे अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये रूपांतर करते आणि हे द्रव्य पेशींच्या डीएनएला इजा करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात टाकले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचा स्तन या अवयवांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. त्या गटात वाईनला वेगळी सवलत नाही.

मग हृदयाची गोष्ट आली कुठून? लोणी-चीज भरपूर खाऊनही फ्रेंचांमध्ये हृदयविकार कमी, हे कोडे १९९१ मध्ये अमेरिकेतील ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमाने घरोघरी पोहोचवले आणि उत्तर म्हणून रेड वाईनचा पेला दाखवला. पुढे अशा अभ्यासांतील त्रुटी लक्षात आल्या. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले होते, बेताने पिणारे अनेकदा अधिक सुखवस्तू होते. गाजलेले रेझव्हेराट्रॉल तर लिटरभर वाईनमध्ये काही मिलिग्रॅमच असते. प्रयोगातील मात्रा गाठायची तर रोज शेकडो पेले लागतील. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलनी बाटलीवर कर्करोगाचा इशारा छापण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद रंगला. द्राक्ष उत्पादकांच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा आहे आणि त्यावर चर्चा व्हायलाच हवी. पण त्यासाठी वाईनला औषध ठरवण्याची गरज नाही.

सर्वात जवळचा धोका परतीच्या रस्त्यावर आहे. ३० मिलीचे पाच नमुने म्हणजे १५० मिली; १४ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे १७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. मोटार वाहन कायद्यातील मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने रिकाम्या पोटी, थोड्या वेळात एवढे घेतले तर ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. जेवणामुळे अल्कोहोल रक्तात उतरायला वेळ लागतो, ते नाहीसे होत नाही. कॉफी किंवा लिंबूपाण्याने यकृताचे काम वेगाने होत नाही. म्हणूनच व्यावसायिक चव-परीक्षक वाईन तोंडात घोळवून थुंकतात. गाडी चालवणाऱ्याने मात्र नमुन्यांना हातच लावू नये.

इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर मद्यामुळे, विशेषतः उपाशीपोटी, धोकादायकरीत्या उतरू शकते. रक्तदाब असलेल्यांनी सोबतच्या ताटलीतील मीठही मोजावे. यकृताचा आजार असलेल्यांनी, झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वाईन टाळावीच. जे घेत नाहीत, त्यांनी हृदयासाठी म्हणून सुरू करू नये. जे घेतात, त्यांनी ती चवीसाठी, क्वचित आणि थोडी घ्यावी. हृदयासाठी रोजचे चालणे, तंबाखूपासून दूर राहणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हेच खात्रीचे उपाय आहेत. आणि द्राक्षे तर नुसती खाल्ली तरी चालतात.