मागच्या गिअरचा लांब हात

लातूरच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. गृहस्थ शाळेतून निवृत्त झालेले, वय ६१, पत्नीचे माहेर नांदेडचे. उमेदीच्या वयात सायकलीवर पुष्कळ हिंडले. आता या हिवाळ्यात नांदेडहून लातूरला दोन दिवसांत सायकलीने यायचे, असे त्यांनी मनाशी ठरवले आहे. डॉक्टरांनी नाही म्हटलेले नाही, पण गुडघ्यावर जोर पडता कामा नये, एवढे बजावून ठेवले आहे. घरात भाच्याने परदेशातून आणलेली दहा गिअरची जुनी सायकल आहे. तिचा मागचा गिअर मोडला. त्या जागी बसवण्याजोगे दोन जुने गिअर त्यांना मिळत आहेत. एक इटालियन, देखणा आणि महाग. दुसरा जपानी, लांबट, दिसायला बेताचा आणि निम्म्याहून कमी किमतीचा. चिरंजीवांचे म्हणणे, बाबा, विजेची सायकल घ्या. तो सल्ला आपल्याला नको आहे, हे गुरुजींनी पत्राच्या तळाशी रेघ ओढून लिहिले आहे.

तेव्हा, गुरुजी, उत्तर आधीच सांगून टाकतो. जपानी घ्या. दिवाळीच्या अंकात चकली-चिवड्याच्या ताटाशेजारी ग्रीजचे हात घेऊन बसल्याबद्दल इतर वाचकांनी मला क्षमा करावी. पण ज्यांच्या घरी पन्नाशी ओलांडलेले आणि सायकल न सोडणारे कोणी आहे, त्यांनी पुढचे जरूर वाचावे.

प्रथम रस्ता पाहू. नांदेड गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटर उंचीवर. लातूर सहाशे मीटरच्याही वर. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतबाहेर. नुसता आकडा पाहिला तर हसू येईल. मुंबई-पुणे शर्यतीतली तरुण पोरे बोरघाट चढून ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळवतात. त्यापुढे हा चढ तो काय! पण बालाघाटाचा स्वभाव निराळा आहे. लोहा मागे टाकून अहमदपूरकडे निघालात की रस्ता एकदाच चढून मोकळा होत नाही. चढतो, थोडा उतरतो, कमावलेले घालवतो आणि पुन्हा चढायला लावतो. शिरूर ताजबंद, चाकूर असे करीत लातूर येईपर्यंत हेच चालते. त्यातून लातूर नांदेडच्या नैऋत्येला. पावसाळ्यात याच वाटेने गेलात तर वारा थेट छातीवर. हिवाळ्यात तो बहुधा पाठीशी असतो, म्हणून गुरुजींनी ऋतू मात्र अचूक निवडला आहे. सामान, पाणी, वय आणि गुडघा हे चौघे बरोबर असताना लागतो तो एक अगदी हलका गिअर.

हलका म्हणजे किती? आपली नेहमीची काळी सायकल घ्या. पुढच्या चक्राला ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा झाला की मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. सपाटीला हे उत्तम. चढाला प्रत्येक फेऱ्यात गुडघा कण्हतो. गुरुजींच्या दहा-गिअरीत पुढे ५२ व ४० आणि मागे १४ ते २८ दाते आहेत. तिच्या सर्वांत हलक्या जोडीतही एका फेऱ्याला तीन मीटरहून थोडे अधिक अंतर जाते. माझी शिफारस अशी, की पुढे ४८ व ३४, मागे १४ ते ३४ करावे. म्हणजे हलक्या जोडीत ३४ पुढे, ३४ मागे: पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, सव्वादोन मीटरपेक्षाही कमी. वेग चालत्या माणसाहून थोडा अधिक राहील. राहू द्या, सायकलीवरून उतरावे तर लागणार नाही! एक मात्र आधी तपासा. पुढच्या प्रत्येक क्रँकवर एवढी लहान चकती बसतेच असे नाही.

आता मागच्या गिअरचे काम पाहा. याला डिरेल्युअर म्हणतात. फ्रेंच शब्द, अर्थ रुळावरून खाली उतरवणारा. नांदेडसारख्या रेल्वेच्या गावात हे नाव कुणाला आवडायचे नाही, पण तो करतो तेच: चेन एका चकतीवरून ढकलून दुसरीवर टाकतो. याखेरीज त्याला दुसरे काम असते, आणि विकत घेताना लोक ते विसरतात. चेन लहान चकत्यांवर आली की सैल पडते. ती सैल चेन ओढून धरायची. या ओढण्याची मर्यादा प्रत्येक गिअरची वेगळी. हिशेब सोपा आहे. पुढच्या दोन चक्रांतला फरक ४८ वजा ३४, म्हणजे १४. मागच्या मोठ्या-लहान चकत्यांतला फरक ३४ वजा १४, म्हणजे २०. बेरीज ३४. गिअरला एवढी सैल चेन आवरता आली पाहिजे, आणि ती आवरतो त्याचा खाली लोंबणारा, दोन छोट्या फिरक्यांचा हात. हात लांब तर आवाका मोठा. आखूड हाताचा गिअर कितीही घासूनपुसून चकचकीत केला तरी त्याचा हात लांबत नाही.

गुरुजींच्या पत्रातला इटालियन गिअर कॅम्पाग्नोलोचा नुओव्हो रेकॉर्ड आहे. १९६७ च्या सुमारास निघालेला, शर्यतवाल्यांचा लाडका, वर्षानुवर्षे टिकणारा. त्याच्याबद्दल मला आदर आहे. परंतु तो विशी-पंचविशीतल्या पायांसाठी बनवला. मागे २६-२८ दात्यांच्या पलीकडे त्याच्याकडून काही मागू नये. भारी किंमत देऊन तो घ्यायचा आणि माळाकोळीच्या अलीकडेच सायकल हातात धरून चालायचे, हे कोणत्या हिशेबात बसते?

गमतीची गोष्ट अशी, की हलक्या गिअरची लाज वाटण्याची खोड जुनीच आहे. फ्रान्सच्या मोठ्या शर्यतीचे, टूर द फ्रान्सचे, संस्थापक आंरी देग्रांज यांचे मत होते की असले गिअर पंचेचाळिशीपुढच्या माणसांसाठी ठीक; शर्यत जिंकायची ती स्नायूंच्या बळावर. १९३७ साली डिरेल्युअरला त्या शर्यतीत मोकळीक मिळाली, तोवर स्वार चाक काढून उलटे बसवीत आणि दुसऱ्या बाजूची चकती वापरीत. तिकडे सेंत-एतिएन गावी पॉल द व्हिव्ही नावाचे गृहस्थ ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने गिअरचा प्रचार करीत राहिले आणि स्वतः डोंगर चढत राहिले. १९३० साली ते वारले, म्हणजे शर्यतवाल्यांची माघार त्यांना पाहायला मिळाली नाही. गुरुजींचे वय ६१ आहे. देग्रांज यांच्या नियमाने त्यांना सोळा वर्षांमागेच परवाना मिळालेला आहे!

जपानी गिअर सनटूरचा, व्ही-जीटी जातीचा. ओसाकाच्या माएदा कारखान्याचा हा माल. त्याची खुबी लांब हातापुरती नाही. जुन्या गिअरमध्ये वरची फिरकी आडवी सरकत असे, आणि फ्रीव्हील तर चढत्या पायऱ्यांसारखे. त्यामुळे एका टोकाला फिरकी चकतीच्या जवळ आणि दुसऱ्या टोकाला दूर पडे. दूर पडली की चेन बदलायला कुरकुर करी. १९६४ साली त्या कारखान्यातल्या नोबुओ ओझाकी यांनी चौकट तिरपी केली. जिन्याचा कठडा जसा पायऱ्यांना धरून वर जातो, तशी फिरकी चकत्यांना धरून सरकू लागली. एवढेच. पण या एवढ्यामुळे स्वस्तातला गिअर महागड्या गिअरपेक्षा चांगला चालू लागला. १९८४ मध्ये त्याचे पेटंट संपले आणि पाठोपाठ शिमानोसकट इतरांनी ती तिरपी चौकट उचलली. आज दुकानात टांगलेल्या गिअरच्या सायकलींत तीच असते. ज्याने काढली तो कारखाना मात्र पुढे मागे पडला आणि त्याचे नाव दुसऱ्यांकडे गेले. व्यापारात असे होते.

आणखी काही नावे कानावर येतील. ह्युरेचा ड्युओपार मोठ्या चकत्यांवर लोण्यासारखा चालतो, पण नाजूक. आमच्या काळ्या मातीच्या चिखलात त्याला नेऊ नये. सिम्प्लेक्सचे प्लास्टिकचे गिअर वयोमानाने तडकतात, ते सोडाच. शिमानोचा १९८० च्या दशकाच्या आरंभीचा, हरणाचे डोके कोरलेला डिओर एक्सटी मिळाला तर जरूर विचारा. डोंगरी सायकलींसाठीच केलेला तो मजबूत गिअर आहे. किंमत मात्र हरणासारखीच उडी मारते.

जुना गिअर हातात घेतलात की लोंबत्या हाताचे टोक चिमटीत धरून आडवे हलवा. थोडे हलणे चालेल. खडखडाट झाला तर सांधे झिजले, घेऊ नका. दोन्ही फिरक्यांचे दाते पाहा. टोकदार सुरीसारखे झाले असतील तर बदलावे लागतील, आणि त्या अजून मिळतात. हात मागून पाहिल्यास सरळ हवा. स्प्रिंग बोटाने ताणून सोडा, परत झटक्यात आली पाहिजे. मग रॉकेल मिळाले तर रॉकेलात, नाहीतर डिझेलमध्ये, रात्रभर बुडवून ठेवा. सायकलीला गिअर अडकवायचा कान नसेल तर त्यासाठी पंज्यासारखी पट्टी येते. लिव्हर साधा, टकटक न करणारा ठेवा. तो कोणत्याही गिअरला चालतो आणि वाटेत बिघडला तर मिस्त्रीला कळतो.

काही वाचक विचारतील, आमच्या काळ्या सायकलीला हे बसेल का? खटाटोप करू नका. हब वेगळा, चेन जाड, सगळेच बदलावे लागते. १८ ऐवजी २२ दात्यांची फ्रीव्हील बसवा, थोड्या पैशांत पुष्कळ आराम पडेल.

राहिली चेन. इथे कंजुषी केली तर सगळे मुसळ केरात. नवी चेन गिअरमधून न ओवता पुढच्या सर्वांत मोठ्या चक्रावर आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर गुंडाळा, टोके जिथे जुळतात तिथून एक इंच, म्हणजे दोन कड्या, अधिक ठेवा आणि तिथे तोडा. मोठी-मोठी जोडी चालवायची नसते, पण दमलेला माणूस चढावर चुकून ती टाकतोच. चेन आखूड असेल तर त्या क्षणी गिअर खेचला जातो, कान वाकतो, आणि गिअर आऱ्यांत गेला तर चाकच संपते. अहमदपूरला सायकलीचे दुकान भेटेल, सनटूरचा सुटा भाग भेटणार नाही. म्हणून, गुरुजी, सर्व जोडून झाल्यावर नांदेडची गाडी पकडण्याआधी लातूरहून औशापर्यंत जाऊन या, आणि निघण्यापूर्वी सायकल उलटी करून, हातानेच पायडल फिरवीत, ती मोठी-मोठी जोडी एकदा मुद्दाम टाकून पाहा.