ओसरीवर थांबलेला माणूस



अधिकार हा शब्द उच्चारताच राजे, मंत्री व मोठे अंमलदार आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात आणि आपल्यासारख्या साध्या शेतकऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटते. परंतु थोडा विचार केला तर आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती कोणाच्या तरी बाबतीत थोडासा अधिकार असतोच, हे दिसून येईल. कोठीच्या किल्ल्या जिच्या कमरेला आहेत ती सासू, मजुरांची मजुरी ज्याच्या खिशात आहे तो शेतमालक, ग्रामपंचायतीचा सभासद, शाळेतील गुरुजी आणि घरातील थोरला भाऊ, हे सर्व अधिकारीच होत.

माझ्याही हाती असा एक अधिकार आहे. तो म्हणजे धर्मग्रामाचा शिक्का.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यातील एका दुपारी दूरच्या वाडीवरील एक मजूर माझ्या ओसरीवर आला. मुलीला शाळेत घालण्यासाठी त्याला बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. नोंदवही उघडून सही करावयाची, एवढेच काम. दहा मिनिटेही लागली नसती. परंतु मी नुकताच जेवून आडवा झालो होतो. “दाखले सकाळीच मिळतात, उद्या ये,” असा निरोप मी आचाऱ्याकरवी धाडला. तो मुकाट्याने निघून गेला. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडाला होता आणि दुसऱ्या दिवसाचाही बुडणार होता, हे मला संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. तो ओशाळून म्हणाला, “असं काय म्हणता, फादर? थांबायची आम्हांला सवयच आहे.”

बंधुभगिनींनो, त्याने मला शिव्या दिल्या असत्या तरी त्या मला इतक्या लागल्या नसत्या. ती सवय त्याला कोणी लावली? माझ्यासारख्या शिक्केवाल्यांनीच ना?

शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, हा प्रसंग आपण दर पवित्र गुरुवारी ऐकतो. परंतु त्यापूर्वी संत योहानाने लिहिलेल्या एका गोष्टीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती सोपविले आहे, हे येशूला त्या वेळी पूर्णपणे ठाऊक होते. ज्या हातांत सर्व सत्ता होती, त्याच हातांनी त्याने कमरेला रुमाल बांधला आणि पाण्याचे भांडे उचलले. त्याने सत्ता टाकून दिली नाही. ती कशासाठी असते, हे त्याने दाखविले. आणि ज्यांचे पाय त्याने धुतले, त्यांत यहूदाही होता.

हे केवळ प्रभूलाच शक्य होते, असे कोणी म्हणू नये. आपल्या शेजारच्या गोव्यात, बाणावली येथे, 1651 साली जन्मलेले संत जोसेफ वाझ आठवा. 1685 साली ते जुने गोवे येथील धर्मगुरूंच्या ओरेटरी संघाचे प्रमुख झाले. त्या मानाच्या जागी ते सुखाने राहू शकले असते. परंतु श्रीलंकेत डच राजवटीखाली कॅथलिक जनता धर्मगुरूंवाचून दिवस कंठीत होती. म्हणून ते पद सोडून ते निघाले आणि 1687 साली मजुराच्या वेषात तेथे पोहोचले. पुढे 1697 साली कँडी येथे देवीची साथ पसरली. भयभीत झालेले लोक आपल्याच आजारी माणसांना सोडून जाऊ लागले. तेव्हा तेथील मिशनची धुरा वाहणारे फादर वाझ रोग्यांना अन्नपाणी देत, त्यांची शुश्रूषा करीत आणि मृतांना मूठमाती देत हिंडले. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी विचारले नाही. 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

आपण सर्वांनाच समुद्र ओलांडून जावे लागणार नाही. आपल्याला बहुधा आपली ओसरीच ओलांडावयाची आहे. म्हणून आज रात्री जपमाळेनंतर प्रत्येकाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: माझ्या दारी कोण थांबले आहे? मजुरी मिळण्याची वाट पाहणारा गडी, माहेरी जाण्यास परवानगी मागणारी सून, वाटणीच्या कागदावर सहीसाठी खेपा घालणारा धाकटा भाऊ? त्याला आणखी एक दिवस थांबविणे माझ्या हाती आहे. आणि आजच मोकळे करणेही माझ्याच हाती आहे.

मी स्वतः हा धडा पूर्ण शिकलो, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. दुपारी दार वाजले की अजूनही क्षणभर कपाळाला आठी पडते. मग तो माणूस आठवतो, आणि मी उठतो.

प्रभू आपणा सर्वांना लवकर उठण्याची कृपा देवो.

तुमचा धर्मगुरू