तलवारीनंतरचा नांगर

बुलढाणा जिल्ह्यात, बालाघाटाच्या पायथ्याशी, कापूस आणि ज्वारी पिकविणारे रोहिणखेड इतिहासात दोन लढायांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु या दोन्ही रणसंग्रामांशी जोडलेला ‘दक्षिणी कोण आणि परदेशी कोण’ हा कलह जितक्या गांभीर्याने अभ्यासावयास हवा, तितक्या गांभीर्याने आपण अभ्यासलेला नाही.

१४३७ साली वऱ्हाडावर चालून आलेल्या खानदेशच्या नासिरखानाचा येथे पराभव करणारा बहमनी सरदार खलफ हसन हा मूळचा बसऱ्याचा व्यापारी होता. १४२२ मध्ये अहमदशहा बहमनीला तख्त मिळाले, त्यापूर्वीच्या झुंजीत बंजाऱ्यांचे बैल निशाणांसह उभे करून खलफ हसनने शत्रूला मोठ्या फौजेचा आभास दाखविला, असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. या प्रसंगानंतर तो व्यापारी दरबारचा मानकरी झाला आणि पुढे सेनापती. मात्र दक्षिणी सरदारांच्या मत्सरामुळे कार्यनाश होतो या समजुतीने रोहिणखेडच्या मोहिमेवर त्याने परदेशी फौजच मागून घेतली, आणि विजयाबरोबरच वैराचे बीजही पेरले गेले. त्याच वैरातून पुढे, गीलानहून आलेला आणि राज्याचा कारभार निष्ठेने सांभाळणारा वजीर महमूद गावान १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे मारला गेला. आणि ज्या जमालखानाने अहमदनगरातून परदेशीयांना हुसकावून लावले, त्याचाही अंत १५९१ साली रोहिणखेडच्याच रणात, बुऱ्हाण निजामशहाशी लढताना झाला. एवढे होऊनही अहमदनगरच्या त्या निजामशाहीचा शेवटचा समर्थ रक्षणकर्ता ठरला तो मलिक अंबर, हबसाणातून गुलाम म्हणून आलेला मनुष्य. त्याने केवळ फौजा उभारल्या नाहीत, तर जमिनीची प्रतवारी ठरवून धाराबंदी केली आणि रयतेचा मिरासी हक्क मान्य केला.

सरदारांची नावे बखरींत व तवारिखांत राहिली. परंतु त्यांच्यामागून आलेले, मोहीम संपल्यावर मायदेशी न परतता इनामाच्या अथवा पडीक जमिनीच्या तुकड्यावर स्थिरावलेले, दसऱ्याला शस्त्र उचलून मृगापूर्वी पुन्हा तिफण धरणारे असंख्य शिपाई कोणत्याही तवारिखेत आढळत नाहीत, आणि आपल्या कुळांच्या वृत्तांतांतही तलवारीचा मान राहतो, नांगराचा विसर पडतो. माझ्या मते हा क्रम उलटा असावयास हवा. कारण तलवारीने मनुष्य एखाद्या मुलखात शिरतो, पण तेथला होतो तो पिढ्यान्‌पिढ्या त्या मातीत घाम गाळून, तेथल्या दुष्काळात तेथल्याच रयतेबरोबर उपाशी राहून आणि साऱ्याचा भार सर्वांसोबत वाहून.

म्हणूनच ज्यांच्या घरी जुन्या सनदा, महजर, वतनपत्रे आणि मोडीतील हिशेबाच्या वह्या असतील, त्यांनी त्या वाळवीच्या स्वाधीन न करता जाणकारांकडून वाचून घ्याव्यात आणि आपल्या पूर्वजाने लढाई कोणती मारली याच्याइतक्याच आस्थेने त्याने शेत कोणते कसले, विहीर कोठे खणली, हेही लिहून ठेवावे. तसे केल्यास बहुतेक घराण्यांचा मूळपुरुष कोठून तरी आलेलाच निघेल. आणि ही जाणीव ज्याच्या मनात दृढ झाली, तो आपल्या शेजाऱ्याला ‘तू मूळचा कोठला’ असे हिणवून विचारणार नाही.