सेंट्रल लॉकचे किट बदलण्याआधी बिजागरीजवळची वायर पाहा

दहा-पंधरा वर्षे जुन्या गाडीचे सेंट्रल लॉकिंग बिघडले की बऱ्याच गॅरेजमध्ये ठरलेले उत्तर मिळते, "किट गेलं, नवीन टाकून घ्या." वैतागलेला मालक हो म्हणतो. चारही दारांची पॅनेल उघडतात, चार नव्या मोटरी बसतात आणि जुन्यांपैकी चांगल्याही भंगारात जातात. बिघाड न शोधता केलेला हा खर्च आहे. तो शोधायला बहुतेक वेळा एक साधा टेस्ट लॅम्प पुरतो.

यंत्रणा समजायला सोपी आहे. प्रत्येक दारात १२ व्होल्टची छोटी मोटर असते, तिला ॲक्चुएटर म्हणतात. तिच्या दोन वायरींतून क्षणभर वीज एका दिशेने गेली की लॉक लागते, उलट गेली की उघडते. जुन्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत बाहेरून किट बसवलेले असते. त्यात चालकाच्या दारातील ॲक्चुएटरला सहसा पाच वायरी असतात, दोन मोटरच्या आणि तीन स्विचच्या. हा स्विच बाकीच्या दारांना हुकूम सोडतो. म्हणून रिमोटने सगळी दारे चालतात पण चावीने फक्त चालकाचेच उघडते, अशी तक्रार असेल तर संशय या स्विचवर घ्यावा. उलट, चावीने सगळी चालतात आणि रिमोटने एकही नाही, तर आधी रिमोटमधला सेल बदलून पाहा. चारही दारे गप्प असतील तर फ्यूज. तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर जास्त अँपिअरचा घालू नका, फ्यूजऐवजी वायर जळेल.

एकच दार रुसले असेल, तेव्हा मात्र पाहायची जागा वेगळी. दार आणि बॉडी यांच्यामध्ये, बिजागरीपाशी, रबराची लवचिक नळी असते. त्यातून जाणारी वायर दार उघडता-मिटताना दर वेळी वाकते. वर्षानुवर्षे हजारो वेळा वाकून तांब्याच्या तारा आतल्या आत तुटतात, वरचे आवरण मात्र शाबूत दिसते. दार उघडे असताना लॉक चालते आणि बंद केले की चालत नाही, किंवा उलट, ही या दोषाची हमखास खूण.

खात्री करण्यासाठी दाराचे पॅनेल काढून ॲक्चुएटरचा कनेक्टर सोडवा. त्याच्या दोन वायरींना टेस्ट लॅम्प जोडा आणि दुसऱ्याला लॉक-अनलॉक करायला सांगा. दिवा क्षणभर लुकलुकला तर वीज येते आहे. मग मोटर तपासा, आणि त्याआधी दांडी सोडवून लॉक हाताने सहज फिरते का तेही पाहा. सुकलेल्या ग्रीसमुळे अडकलेल्या लॉकचा दोष मोटरच्या माथी मारला जातो. दिवा लागलाच नाही तर बिजागरीकडे वळा.

तुटलेली वायर जोडताना सांधा वाकणाऱ्या भागात ठेवू नये, तिथे तो पुन्हा तुटतो. नवा लांब तुकडा टाकून एक सांधा दाराच्या आत आणि दुसरा बॉडीच्या आत घ्यावा. गडबडीत असलेला कारागीर हे टाळतो, म्हणून आधीच सांगून ठेवलेले बरे. कोकणात, मुंबईत पाणी हाही मोठा शत्रू. दाराच्या तळाची निचऱ्याची छिद्रे चिखलाने बुजली की पाणी आत साचते आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर चढतो. छिद्रे मोकळी करायला एक काडी पुरते.

हे सगळे केवळ पैशांसाठी नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत काही जण पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांत गुदमरून गेले. त्यामुळे दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना रिमोट बाजूला ठेवा, आत बसून लॉक लावा आणि प्रत्येक दाराची खुंटी हाताने वर करून आतल्या हँडलने दार उघडते का ते पाहा. मागच्या दारांचे चाइल्ड लॉक त्या वेळी काढलेले असू द्या.