हरवलेले गाणे : कोणाला हरवलेले?

अमुक एक जुने गाणे 'सापडले', अशी बातमी अलीकडे वारंवार वाचनात येते. बातमी आनंदाचीच असते. परंतु ते हरवले होते ते नेमके कोणाला, हा प्रश्न त्या आनंदात विचारायचा राहून जातो. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तो विचारला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

उदाहरण 'डिस्को जॅझ' या तबकडीचे घेऊ. १९८० सालच्या 'कुर्बानी'तील गाण्याने आणि पाठोपाठ १९८१ च्या 'डिस्को दीवाने'ने नाझिया हसन हे नाव घरोघरी पोचवले, तो हा काळ. त्याच सुमारास रूपा बिस्वास या तरुण बंगाली गायिकेची चार गाणी कॅनडातील कॅलगरी येथे ध्वनिमुद्रित झाली. सरोद अली अकबर खाँ यांचे चिरंजीव आशीष खाँ यांची, तबला त्यांचे बंधू प्रणेश खाँ यांचा. गिटार आणि ड्रम तेथील वादकांचे. १९८२ साली कलकत्त्याच्या मेगाफोन कंपनीने ती एल.पी. बाजारात आणली. ती फारशी खपली नाही. 'आज शनिबार' हे तिच्यातले गाणे ऐकताना कारणाचा थोडा अंदाज येतो. डिस्कोच्या ठेक्यावर सरोद निवांत, आलापीच्या चालीने फिरत राहते. शास्त्रीय संगीताच्या रसिकाने ते आपले मानले नसते; आणि ते चित्रपटातले नसल्याने चित्रपटगीतांच्या श्रोत्याकडेही पोचले नसते. आपल्या वर्गवारीत ज्याला खण नाही, ते दृष्टीआड होते.

पुढच्या काळात परदेशी संग्राहक ही तबकडी हुडकत राहिले. मूळ प्रती शेकडो डॉलरना विकल्या गेल्या. यू-ट्यूबवर गाणे चढले आणि लाखोंनी ऐकले. गायिकेला मात्र यातले काही ठाऊक नव्हते. २०१९ साली तिच्या मुलाने इंटरनेटवर नाव शोधले, तेव्हा घरात हा प्रकार कळला. त्याच वर्षी शिकागोच्या न्यूमेरो ग्रूप या संस्थेने तबकडी पुन्हा काढली.

वर्गात आम्ही हे गाणे ऐकवले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "गाणे इतक्या जणांना सापडले, मग बाई का नाही सापडल्या?" आमच्या मते हाच या प्रकरणाचा गाभा आहे. तबकडी 'रूपा' एवढ्याच नावाने निघाली होती, ही अडचण खरी. तरीही वस्तूचा शोध संपला की आपण शोध संपला असे मानतो, हे मोठे कारण. गाणे हाती आल्यावर ते कोणाचे, हे विचारण्याची निकड उरत नाही. दुर्मीळतेची किंमत वाढते ती विक्रेत्याच्या हातात; तिचा वाटा गाणारीकडे जात नाही.

संग्राहकांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी तबकड्या राखल्या नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकातून ध्वनिमुद्रिकांच्या नोंदींचे जे काम केले, ते वस्तुत: आमच्यासारख्यांनी करावयाचे होते. आम्ही कवितेचा पाठभेद तपासतो, हस्तलिखिताचा काळ ठरवतो. तबकडीकडे मात्र हौशी माणसाचा छंद म्हणून पाहतो. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेने घरोघरी गेली, त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९५४ मध्ये, 'शीळ' हा संग्रह आला. संग्रह अभ्यासाचा विषय होतो. तबकडी तळटीपेत जाते. कवितेचा पहिला मोठा वाचकवर्ग वस्तुत: श्रोतृवर्ग होता, ही गोष्ट त्या तळटीपेत दडून राहते.

म्हणून एक साधी सूचना. एम.ए.च्या प्रकल्पासाठी एखाद्या विद्यार्थ्याला एकच जुनी तबकडी द्यावी. मधल्या कागदी चकतीवरचा क्रमांक, तिच्याभोवतीच्या मोकळ्या पट्टीवर कोरलेला मुद्रणक्रमांक, वेष्टनावरील प्रत्येक नाव त्याने उतरून घ्यावे. गीतकार कोण, वादक कोण, कोणाचे नाव गाळले आहे, हे पाहावे. आणि निबंध लिहावयास बसण्यापूर्वी, त्यांपैकी कोणी हयात असेल तर त्यांच्या दारी जाऊन विचारावे.

कारण ज्यांना आपण 'विस्मृत' म्हणतो, त्यांना स्वत:चे विस्मरण झालेले नसते. रूपा बिस्वास यांना आपले गाणे आठवतच होते. विसरलो होतो ते आपण. आणि 'सापडले' या शब्दाने ते सोयीस्करपणे झाकले जाते.