बोबोटी : केपच्या चुलीवरील एक पदार्थ

ज्या घरांतील मुलेंबाळें दक्षिण आफ्रिकेंत नोकरीधंद्यानिमित्त असतात, तेथील वडील मंडळींच्या कानांवर 'बोबोटी' हें नांव केव्हां ना केव्हां पडतेंच. खिम्यांत मसाला घालून, त्यावर दूध व अंडीं ओतून भट्टींत भाजलेला हा पदार्थ आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं मांस वर्ज्य. तेव्हां या पृष्ठावर खिम्याची कथा कशाला, असें एखाद्या आजीबाई विचारतील. त्यांस इतकेंच निवेदन, कीं जो पदार्थ आपण खात नाहीं त्याचा इतिहास जाणण्यास सोंवळें आड येत नाहीं. आणि या इतिहासांत आपल्याच किनाऱ्यांवरून नेलेल्या माणसांचा वांटा आहे.

सन १६५२ मध्यें डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीनें यान व्हान रीबेक यानें केप येथें ठाणें वसविलें. पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांस तेथें पाणी, भाजीपाला व मांस मिळावें, हा हेतु. राबण्यास माणसें हवीं, म्हणून गुलाम आणविले : मादागास्कर व मोझांबिकहून, जावा-सेलेबीसकडील बेटांतून, आणि बंगाल, चोलमंडल व मलबार येथूनही. पुष्कळांचीं मूळ नांवें पुसून नवीं ठेवीत, व पुढें खूण म्हणून 'व्हान बेंगाले', 'व्हान मलबार' असें जोडीत. १ डिसेंबर १८३४ रोजीं कायद्यानें गुलामगिरी संपली. तरी 'उमेदवारी'च्या नांवाखालीं आणखी चार वर्षें मालकाकडेच राबावें लागलें, व खरी सुटका १८३८ सालीं झाली. यांच्या वंशजांपैकीं पुष्कळांस पुढें 'केप मलाय' म्हणूं लागले. त्या एका नांवाखालीं बंगाल व मलबार झांकून गेले.

धन्याच्या मुदपाकखान्यांत रांधणाऱ्या या मंडळींच्या हातून युरोपांतील पाव-दुधाची पूर्वेकडील मसाल्याशीं गांठ पडली. याची साक्ष भाषा देते. केपच्या आफ्रिकान्स भाषेंत हळदीस 'बोरी', लोणच्यास 'आचार' व आंबटगोड चटणीस 'ब्लाट्यांग' म्हणतात. हे तिन्ही शब्द मलय भाषेच्या द्वारें आलेले आहेत. धन्याची भाषाही अशी स्वयंपाकघरांतून शब्द उचलीत होती. १८९१ सालीं हिल्डागोंडा डकिट या बाईंनीं प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकांत बोबोटीची कृति आलेली आहे.

कृति अशी. पावाचा एक जाड काप पेलाभर दुधांत भिजवून पिळून घ्यावा. दूध टाकूं नये. मोठा कांदा लोण्यांत परतून त्यांत मोठा चमचाभर मसाला व अर्धा लहान चमचा हळद घालावी. मग ५०० ग्रॅम खिमा घालून तो मोकळा होईपर्यंत परतावा. त्यांत मीठ, चमचाभर लिंबाचा रस, दोन चमचे जर्दाळूचा मुरंबा, मूठभर बेदाणे, थोडे बदाम व कुसकरलेला पाव मिसळून सर्व भांड्यांत दाबून बसवावें. राखलेल्या दुधांत दोन अंडीं फेंटून वर ओतावीं, लिंबाचीं पानें खोंचावीं, आणि १८० अंश उष्णतेवर सुमारें ३५ मिनिटें भाजावें. पाव रस धरून ठेवतो, म्हणून खिमा कोरडा पडत नाहीं. आंच अधिक झाल्यास अंडें आवळून पाणी सुटतें. वरचा थर नुकताच बसला, कीं भांडें बाहेर काढावें.

शाकाहारी मंडळींनीं खिम्याच्या जागीं अख्खे मसूर घ्यावे. मसुरांची बोबोटी हल्लीं पुष्कळ ठिकाणीं करतात. २५० ग्रॅम मसूर मऊ पण अखंड शिजवून पाणी पूर्ण निथळावें, नाहींतर वरचा थर बसत नाहीं. अंडेंही वर्ज्य असल्यास घट्ट दह्यांत बेसन कालवून चवीपुरतें मीठ घालून थर द्यावा. पदार्थ रुचकर होईल. मात्र त्यास 'बोबोटीसारखें' म्हणावें, बोबोटी म्हणूं नये. नांवाशीं प्रामाणिक राहणें हाही पाकशास्त्राचा नियमच आहे.

सोबत हळद व बेदाणे घातलेला पिवळा भात वाढण्याची केपकडील रीत आहे. पानें वाढलीं, कीं मुलांस वरील हकीकत अवश्य सांगावी. आमच्या हळदीनें सातासमुद्रापार कीर्ति मिळविली, अशी प्रौढी या प्रसंगीं शोभणार नाहीं. त्या चुलीपुढें बसणाऱ्यांस आपल्या गांवीं परत जाण्याची मोकळीक नव्हती, आणि रांधलेल्या अन्नावर पहिला हक्क दुसऱ्याचा होता. तरीही त्यांनीं घरची चव सोडली नाहीं, व ती पुढील पिढ्यांच्या हातीं दिली. आपल्या घरांत जी सून किंवा काकू रोज सर्वांस वाढून मागून जेवावयास बसते, तिच्या पानांत त्या दिवशीं तरी ऊन ऊन पहिला वाढा पडावा.