अंधाराचा काय अपराध?

रात्रीच्या क्लबात काढलेली छायाचित्रे बहुधा वाईट का निघतात, ह्या प्रश्नास सर्वत्र एकच ठरीव उत्तर मिळते : तेथे उजेड नसतो आणि गर्दी फार असते. ह्या उत्तराशी आमचे मुळातच भांडण आहे. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण पूर्वजांनी नाचणाऱ्यांसाठी केली. आज ती नाचणाऱ्यांची छायाचित्रे घेणाऱ्यांस अधिक शोभते. अंगण वाकडे नाही. अंधार हा त्या जागेचा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे. आणि गर्दी हा अडथळा नव्हे, ती तर त्या चित्राचा विषय आहे. दोष आहे तो आत शिरताच अंधारास हुसकून लावण्याच्या आणि माणसांस न विचारता टिपून घेण्याच्या आपल्या घाईचा.

कारकुनी करणाऱ्याने क्लबांविषयी लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही. परंतु बदलीच्या गावी एकटे राहणाऱ्या आपल्या मंडळींना कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरील वाद्यवृंद, दिल्लीतील हॉटेलांतले निरोपसमारंभ किंवा बंगळूरमधील शनिवारची रात्र अगदीच अपरिचित आहे, असे आम्हांस वाटत नाही. शिवाय हे जग आपल्यास सर्वस्वी परके कधीच नव्हते. मुंबई-कलकत्त्याच्या नाचघरांत गोव्याच्या वादकांनी पिढ्यान्‌पिढ्या ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजविले. त्यांपैकी चिक चॉकलेट ह्या नावाने गाजलेल्या ट्रम्पेटवादकाचा हात १९५१ च्या 'अलबेला'च्या संगीतास लागलेला आहे, आणि त्या चित्रपटाचे संगीतकार सी. रामचंद्र म्हणजे आपले रामचंद्र चितळकर. तेव्हा ह्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे धरून चालू.

आमचा पहिला वाद फ्लॅशवाल्यांशी आहे. त्यांचे म्हणणे सरळ असते : उजेड नाही ना, मग तो आपण बरोबर न्यावा. म्हणणे वरकरणी निरुत्तर करणारे आहे; परंतु कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसविलेला तो दिवा प्रत्यक्षात काय करतो, हे पाहावे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. दोन मीटरवरील माणसावर जेवढा उजेड पडतो, त्याच्या चौथा हिस्सा चार मीटरवरील माणसावर पडतो आणि सहा मीटरवरील माणसाच्या वाट्यास जेमतेम नववा हिस्सा येतो. म्हणजे पुढचा चेहरा चुन्यासारखा पांढरा आणि मागची सारी सभा काळोखात बुडालेली! गर्दी दाखवावयास गेलेल्या चित्रातून गर्दीच नाहीशी होते. निळे-तांबडे दिवे, धूर, घामेजलेल्या कपाळावर क्षणभर चमकून गेलेला किरण, ज्यांसाठी ती जागा ती जागा असते, ते सारे त्या एका लखलखाटात पुसले जाते. आणि अंधार घालवावयास निघालेल्या ह्या गृहस्थांच्या चित्रात खऱ्याहूनही दाट अंधार शिल्लक राहतो, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात येत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मोठमोठ्या छायाचित्रकारांनी फ्लॅश वापरलेलाच आहे. वापरला आहे, परंतु कसा, हे पाहिल्याशिवाय त्यांचे नाव घेणे म्हणजे संतांचे नाव घेऊन सावकारी करणे होय. न्यूयॉर्कच्या जॅझ क्लबांची चित्रे घेणारे हर्मन लेनर्ड ह्यांचेच उदाहरण घ्या. १९४८ साली त्यांनी ग्रिनिच व्हिलेजमध्ये आपला स्टुडिओ थाटला आणि रात्री जड स्पीड ग्राफिक कॅमेरा घेऊन ते क्लबांत जाऊ लागले. त्यांचे दिवे कॅमेऱ्यावर नसत. रंगमंचावर क्लबाचे दिवे जेथे असत, त्यांच्या शेजारीच ते आपले दिवे बांधीत. त्यामुळे उजेड वाढे, पण त्याची दिशा बदलत नसे. डोळ्यांस जे दिसत होते तेच काचेवर उतरे. १९४८ सालीच रॉयल रूस्ट क्लबात त्यांनी घेतलेले डेक्स्टर गॉर्डन ह्यांचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात सॅक्सोफोन मांडीवर घेऊन बसलेल्या वादकाच्या तोंडून निघालेला सिगारेटचा धूर मागून आलेल्या प्रकाशात ढगासारखा उभा राहिला आहे. समोरून फ्लॅश मारला असता तर तो धूर केवळ एक मळकट डाग झाला असता.

दुसरे उदाहरण आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारे वाटेल, म्हणून ते आम्ही मुद्दाम देतो. पश्चिम आफ्रिकेतील माली हा देश १९६० साली स्वतंत्र झाला. त्यानंतरच्या वर्षांत राजधानी बामाको येथील तरुणांच्या नाचाच्या मेळ्यांची चित्रे मलिक सिदिबे ह्यांनी घेतली, आणि तीही सरळ समोरून फ्लॅश मारून. १९६३ च्या नाताळच्या रात्रीचे त्यांचे चित्र पाहावे. एक तरुण आणि एक अनवाणी मुलगी, दोघांची मस्तके जवळजवळ एकमेकांस टेकलेली, दोघांचीही नजर खाली पावलांकडे. असे कोवळे चित्र फ्लॅशने कसे निघाले? ते निघाले, कारण सिदिबे तेथे आगंतुक नव्हते. तरुण मंडळी त्यांना बोलावीत, त्यांची वाट पाहत. रातोरात चित्रे धुऊन ते त्यांच्या छोट्या प्रती आपल्या स्टुडिओत मांडून ठेवीत आणि नाचणारे येऊन आपापली चित्रे निवडीत. तो फ्लॅश चोराचा कंदील नव्हता; पाहुण्याने हातात धरलेला दिवा होता. २००७ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. तेव्हा आमचे भांडण दिव्याशी नसून दिवा धरणाऱ्याच्या वृत्तीशी आहे, एवढे येथे स्पष्ट झाले तरी पुरे.

दुसरा वाद यंत्रवाद्यांशी आहे. ह्यांच्या मते चांगले चित्र ही केवळ पैशाची बाब होय. महाग कॅमेरा घ्या, म्हणजे रात्रीचा दिवस होतो! यंत्राचे उपकार आम्ही नाकारीत नाही. एफ/५.६ च्या भिंगापेक्षा एफ/१.४ चे भिंग सोळापट प्रकाश आत घेते, हे गणित आहे, मत नव्हे. परंतु ह्याच गणिताची दुसरी बाजू अशी की, भिंगाचे तोंड तेवढे उघडले म्हणजे स्पष्टतेची पट्टी बोटभर उरते. डोळा साधला तर कान सुटतो. रात्रीच्या चित्रांसाठी फोनांत जी विशेष सोय असते, तीही एकामागून एक अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र बनविते. स्तब्ध उभ्या देवळास ती मानवते, नाचणाऱ्या माणसास मानवत नाही. त्याचे हातपाय विरघळलेल्या मेणासारखे दिसू लागतात. आणि प्रकाशमापक तर पक्का सरकारी नोकर आहे! समोर काय आहे ह्याचा विचार न करता सारे जग मध्यम करड्या रंगाचे असले पाहिजे, ह्या एकाच परिपत्रकावर तो चालतो. म्हणूनच काळ्या भिंतींचा क्लब त्याच्या हाती दिला की तो त्याला धुरकट, राखेच्या रंगाचा करून परत पाठवितो. तेथे माणसाने हस्तक्षेप करून मापकापेक्षा प्रकाश कमीच घ्यावा लागतो. अंधाराला अंधार राहू देण्याचा हुकूम यंत्र आपण होऊन काढीत नाही.

हा हुकूम ज्यांनी आयुष्यभर पाळला, ते रॉय डीकॅराव्हा. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९१९ साली ते जन्मले आणि २००९ साली निवर्तले. फ्लॅश त्यांनी वर्ज्य मानला. जॅझच्या क्लबात जो काही उजेड असेल, एखादा बल्ब, एखादी खिडकी, तेवढ्यावरच ते चित्र घेत, आणि छापतानाही चित्र उजळीत नसत. त्यांच्या १९५६ च्या नर्तकांच्या चित्रात दोन माणसे अर्धीअधिक काळोखातच नाचतात. १९६० साली घेतलेल्या कोल्ट्रेन आणि एल्विन जोन्स ह्यांच्या चित्रात कडा हललेल्या आहेत. तरी त्या अस्पष्टतेतून वाजविणाऱ्याचे श्रम जेवढे दिसतात, तेवढे शंभर सुस्पष्ट चित्रांतून दिसणार नाहीत. त्यांच्या चित्रांतील काळा रंग सपाट नाही. त्यात टक लावून पाहावे तसतसे चेहरे उमलतात. 'काही दिसत नाही' असे म्हणून आपण जे चित्र पुसून टाकतो, ते बहुधा पाहण्यास वेळ न दिलेले चित्र असते. आपल्या भाषेने ह्या कलेस 'प्रकाशचित्र' असेही नाव देऊन पाहिले. परंतु लोकांच्या तोंडी रुळले ते 'छायाचित्र'च. छाया हा त्या नावातला अर्धा भाग आहे, हे आपण तरी विसरता कामा नये.

मग करावे काय? टीका करून मोकळे होणे आम्हांस पसंत नाही. क्लबात गेल्यावर पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढूच नये. दिवे कोठे आहेत, कोणत्या क्रमाने फिरतात, गाणारा कोणत्या दिव्याखाली येऊन थांबतो, हे पाहावे. नाचणाऱ्याचे अंग सतत हलते ही समजूत खोटी आहे. गिरकीच्या टोकाशी, उडीच्या माथ्यावर, सम येण्यापूर्वीच्या श्वासात ते क्षणभर ठरते. तो क्षण मोजता येतो, कारण संगीत तो मोजूनच देते. सेकंदाच्या एकशेपंचविसाव्या भागात धावते हातपाय पुष्कळसे स्थिर होतात, तिसाव्या भागात वाहतात. ह्यांपैकी काय हवे, हे आधी ठरवावे. नुसत्या तांबड्या किंवा निळ्या दिव्याखाली चेहऱ्याचे बारकावे जळून जातात, म्हणून पांढऱ्या झोताची वाट पाहावी. चित्रात दाणा उठला तर उठू द्यावा. तो त्या रात्रीचा पोत आहे. महागड्या भिंगाची गरज नाही. ५० मिलिमीटरचे एफ/१.८ चे साधे भिंग सर्वांत स्वस्त भिंगांपैकी एक असते, आणि आमच्यासारख्यांच्या पगारात ते बसते.

आता तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. क्लबातली माणसे तेथे अंधार असतो म्हणूनच येतात. दिवसा जो हुद्दा, जी जात, जे वय त्यांना चिकटलेले असते, ते दाराशी काढून ठेवून दोन घटका मोकळे व्हावे, एवढीच त्यांची इच्छा असते. ब्रासाई ह्या नावाने ओळखले जाणारे हंगेरियन छायाचित्रकार १९३० च्या सुमारास पॅरिसच्या रात्री टिपू लागले. रस्त्यावरील चित्रांस किती वेळ द्यावा, हे ते सिगारेट जळण्यावरून मोजीत. त्यांचे रात्रीच्या पॅरिसवरील पुस्तक १९३२-३३ च्या हिवाळ्यात निघाले; परंतु गुप्त नाचघरांतील आणि मद्यगृहांतील धीट चित्रांचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तो १९७६ साली, चार दशके उलटल्यावर. बर्लिनमधील बर्गहाइन ह्या विख्यात क्लबात तर दाराशीच फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतात. त्यामुळे आत नाचणाऱ्यांचे काही बिघडले, असे कोणी म्हणत नाही. उलट त्या पट्टीमुळेच ते निर्धास्त नाचतात.

हा प्रश्न दूरच्या बर्लिनचा आहे, असे कोणी समजू नये. आम्ही नोकरीनिमित्त एका मोठ्या शहरात असताना, कचेरीतील एका वरिष्ठांच्या निरोपाची मेजवानी तेथील हॉटेलच्या नाचघरात झाली. कचेरीत नव्याने लागलेली एक मुलगी, घरापासून हजार मैलांवर एकटी राहणारी, त्या रात्री मोकळेपणाने नाचली. कोणा हौशी गृहस्थाने तिचे चित्र घेतले आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहापूर्वी ते मजल्यावरच्या प्रत्येक फोनवर पोचले होते. चित्रात वावगे काही नव्हते. परंतु त्यानंतर कचेरीच्या एकाही समारंभास ती आली नाही आणि पुढे तिने बदली मागून घेतली. चित्र घेणाऱ्यास ह्याची खंत वाटली नाही. 'प्रकाश कमी असूनही किती स्पष्ट आले!' हेच तो सांगत राहिला. स्पष्टतेलाच चांगुलपणा मानणाऱ्या साऱ्या पंथाचा हा सारांश आहे, असे आम्ही म्हणतो.

येथे आक्षेप येईल की, विचारून घेतलेले चित्र कृत्रिम होते. माणूस सावध झाला की मोहरा बदलतो. सिदिबे ह्यांची नाचणारी मुले त्यांना ओळखत होती. लेनर्ड चित्रे देऊन क्लबात प्रवेश मिळवीत, आणि वादकांचे ते मित्र होते. विश्वासाने चेहरा बिघडत नाही, उमलतो. विचारण्यास लागतो एक इशारा : कॅमेरा दाखवावा, भुवई उंचवावी, समोरच्याने मान डोलावली तर घ्यावे, नाही म्हटले तर हसून पुढे जावे. आणि घेतलेले चित्र पहिल्यांदा ज्याचे आहे त्याला द्यावे; जगाला दाखवायचे की नाही, हे त्याने ठरवावे.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे हे की, अंधारावर खटला भरणे आता थांबवावे. अपुरा असतो तो उजेड नव्हे, धीर अपुरा असतो आणि अदब अपुरी असते. ह्या दोन वस्तू कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, त्यामुळे त्यांची जाहिरातही कोणी करीत नाही. परंतु त्या ज्याच्यापाशी आहेत, त्याला एका मिणमिणत्या दिव्याखालीही माणूस दिसतो. ज्याच्यापाशी नाहीत, त्याने कितीही मोठा दिवा लावला तरी त्याच्या चित्रात उजळून निघतो तो फक्त त्याचा उतावळेपणा.